पंप सुटला, हवा सुटू देऊ नका

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्राचं, छोटं शॉप आहे. दोन वर्षांपूर्वी टाटाची टियागो ईव्ही, म्हणजे बॅटरीवरची गाडी, घेतली. आधीच्या पेट्रोलच्या गाडीला आठ-दहा दिवसांनी पंपावर न्यावं लागायचं, आणि तेल भरून झालं की तिथला पोरगा हवा बघायचा. ही गाडी रात्री घरीच चार्जिंगला लागते. पंपाकडं फिरकायचं कारण उरलं नाही आणि चार महिने हवेकडं कुणी बघितलंच नाही. एके दिवशी हातात व्हर्नियर (बारीक मापाचं साधन) होता, त्याची डेप्थची पट्टी टायरच्या खाचेत घातली. पुढच्या टायरांच्या दोन्ही कडा झिजलेल्या, मधली खाच मात्र शाबूत. कमी हवेची हीच खूण. हवा जास्त असेल तर मधला पट्टा आधी जातो. एकच कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते बघून घ्या.

म्हणून पहिली खरेदी टायरची नको, स्वतःच्या प्रेशर गेजची आणि गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणाऱ्या हवेच्या छोट्या पंपाची करा. हवा सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी बघायची. धावून टायर तापला की आकडा वाढतो आणि हवा भरपूर आहे असं वाटतं. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. महिन्यातून दोनदा बघा. थंडी पडली की आणखी एकदा, कारण तापमान १० अंशांनी उतरलं तर दीड-दोन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) तसेच कमी होतात. नायट्रोजनसाठी पैसे घालायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, जड फिरतो, आणि तेवढी बॅटरी खातो. रेंज कमी झाली म्हणून सर्व्हिस सेंटरला फोन लावायच्या आधी गेज लावून बघा.

झिजेचं म्हणाल तर बॅटरीचं वजन सतत अंगावर असतं आणि पॅडल दाबताच मोटरचा सगळा जोर चाकावर येतो. टियागोत हा जोर पुढच्या चाकांवर, आणि रिजनचं ब्रेकिंगही (मोटरच गाडी हळू करून बॅटरी भरते ते) त्यांच्यावरच. म्हणून मी दर ८,००० किलोमीटरला पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं घेतो. एमजीच्या कॉमेट या छोट्या ईव्हीची मोटर मागं असते, तिथं मागच्या चाकांवर डोळा ठेवा. तिचे टायर १४५/७० आर १२ मापाचे, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. झिजायच्या आधी चौकशी करून ठेवा.

कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत खाच चालते, टायरमधले छोटे उंचवटे तेच माप दाखवतात. पण मी ३ मिलिमीटरला टायर बदलतो. गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळ्याच्या पुढं, भर श्रावणात चाकोरीत पाणी साचलं होतं आणि स्टिअरिंग क्षणभर एकदम हलकं झालं. टायर रस्त्यावरून उचलून पाण्यावर चढला होता. बायको-पोरं गाडीत होती. त्या दिवसापासून १.६ च्या हिशेबावर माझा विश्वास राहिला नाही.

नवा टायर घेताना माप कंपनीचंच ठेवा. माझ्या गाडीचं १७५/६५ आर १४. त्यापुढचा आकडा लोक वाचतच नाहीत, आणि ईव्हीत तोच महत्त्वाचा. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८६ म्हणजे ५३० किलो. मूळ टायरवर जो आहे त्याच्या खालचा कधीही घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो की चालतंय. मग बनावटीची तारीख बघा. चार आकड्यांत १८२५ असेल तर २०२५ सालचा अठरावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नका.

मोठ्या अलॉयचा (अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकांचा) मोह टाळा. रुंद, जड चाकानं रेंज कमी होते आणि कमी उंचीच्या टायरमुळं खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो. पोलादी रिम वाकली तर बऱ्याचदा सरळ करता येते. अलॉय मात्र तडकतं. मी धातूच्या कामातला माणूस आहे, म्हणून ठामपणे सांगतो: तडकलेलं अलॉय वेल्ड करून चाकाला लावू नका.

आमच्या भागात, तसंच शिरोली एमआयडीसीकडं, टायरमध्ये खिळ्यापेक्षा लेथची चिप (कातलेल्या धातूची पिळदार कातरण) जास्त घुसते. तिचा पीळ पटकन दिसत नाही आणि हवा हळूहळू जाते. एकाच टायरची हवा सारखी कमी होत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पंक्चर काढू नका, टायरच बदला.

पंक्चरवाल्याला गाडी देताना शेजारी उभे राहा. सवयीनं तो जॅक गाडीच्या मधोमध सरकवतो, आणि तिथं बॅटरी आहे. जॅक फक्त कंपनीनं दाखवलेल्या कडेच्या जागेवर. नट आधी हातानं, मग समोरासमोरचे आळीपाळीनं, आणि शेवटी टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या) मॅन्युअलमधल्या मापाला. हवेच्या गननं आवळले की स्टड (नट बसतो तो आटे असलेला दांडा) ताणला जातो. ५०-१०० किलोमीटरनंतर तोच पाना पुन्हा एकदा लावा. मी पन्हाळ्याला जाऊन आलो की लावतो.