मागाच्या पॅनेलमध्ये हात घालण्याआधी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलची ऑर्डर अंगावर असते, एक माग बंद पडतो आणि मालक म्हणतो, "मेन पाडू नका, बाकीचे माग थांबतील." इथे वायरमनने ठाम राहायला हवं. लाइन चालू ठेवून करायचं काम एकच, ते म्हणजे मोजमाप. कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा चुंबकी स्विच) बदलणं किंवा सैल लग (वायरच्या टोकाची धातूची पट्टी) आवळणं लाइन बंद करूनच. ४१५ व्होल्टच्या दोन फेजमध्ये पाना घसरला तर शॉक न लागताही तोंड-हात भाजतात, आणि पॅनेलमध्ये साचलेली रुई क्षणात पेट घेते.

एमसीसीबी, म्हणजे पॅनेलचा मोठा ब्रेकर, पाडा, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. जुना फ्यूजवाला स्विच असेल तर तिन्ही फ्यूज काढून जवळ ठेवा. जनरेटर किंवा छतावरच्या सोलरकडून उलटी लाइन येत नाही ना, ते बघा. पॅनेलमध्ये कॅपॅसिटर असतील तर पाच मिनिटं थांबा आणि त्यांच्या टर्मिनलवरही मीटर लावा.

आता खरी चूक होते ती जागा. टेस्टर पेटला नाही म्हणून लाइन गेली, असं धरू नका. टेस्टरमधला निऑन दिवा आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या बारीकशा करंटवर पेटतो. रबरी मॅटवर उभं राहिलं की तो मंद होतो, आणि दाराशी ऊन असेल तर दिसतही नाही. म्हणून मल्टिमीटर घ्या, कॅट थ्री (पॅनेलवर मोजायला लागणारा सुरक्षा दर्जा) ६०० व्होल्टचा. आधी चालू लाइनवर लावून तो चालतो का बघा. मग बंद केलेल्या जागी फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक, अशी दहा मापं घ्या. शेवटी पुन्हा चालू लाइनवर लावा. मीटर मधेच मेला असेल तर तो शून्यच दाखवेल!

चालू लाइनवर मोजताना लाल लीड व्होल्टच्या भोकात आहे का, दोनदा बघा. ती अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. काळी लीड आधी क्लिपने न्यूट्रलला अडकवा, मग एकाच हाताने लाल टोक लावा. अंगठी, घड्याळ काढा. कपडे सुती घाला, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. हातमोजे क्लास शून्यचे (विजेच्या कामाच्या हातमोज्यांचा एक दर्जा) रबरी, वर चामडी. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळून आत हवा कोंडा. हवा सुटली तर तो हातमोजा फेकून द्या. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, घामाने ओली कातडी करंट सहज आत घेते, म्हणून आत पातळ सुती मोजे घाला आणि ओले झाले की बदला.

मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेला माणूस शेजारी उभा करा. कुणी चिकटलं तर त्याने आधी मेन पाडायचा, अंगाला हात लावायचा नाही. मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, रुग्णवाहिका येईपर्यंत.