जुन्या बालचित्रपटांतील काळी बाजू मुलांसोबत कशी पाहावी

चित्रपट आधी स्वतः पाहून थांबण्याच्या जागा वहीत टिपून ठेवाव्यात. मुलांना मात्र पहिल्यांदा तो सलग पाहू द्यावा, कारण मध्येच शिकवणी सुरू केली की त्यांचे लक्ष उडते.

दुसऱ्या वेळी नेमक्या दृश्यावर थांबावे. ‘पिनोकिओ’मध्ये (१९४०) एका गाडीवाल्याने मौजेचे आमिष दाखवून नेलेली मुले गाढवे बनतात आणि मिठाच्या खाणींना व सर्कशींना विकली जातात. तेथे ‘पैसे कोणाला मिळाले आणि त्या गाडीवाल्याला शेवटी शिक्षा झाली का?’ एवढेच विचारावे. ती होत नाही, हे मुले स्वतःच हेरतात. (हे दृश्य खोडकरपणाचे फळ म्हणून सांगणारी मोठी माणसे खरा गुन्हेगार सोडून पोरांनाच दटावतात, असे माझे मत आहे.)

‘डम्बो’मध्ये (१९४१) भर पावसात, रात्रीच्या वेळी सर्कशीचा तंबू उभारणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांना चेहरेच दिलेले नाहीत. बीड जिल्ह्यात, जेथे मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि कित्येकदा मुलांनाही फडावर सोबत नेतात, तेथे या दृश्याला फार स्पष्टीकरण लागत नाही. मुलांना त्या मजुरांचे चेहरे काढायला आणि त्यांना नावे द्यायला सांगावे. परंतु ‘तुझे आईवडील कोणत्या कारखान्यावर गेलेत?’ असे कोणालाही सर्वांसमोर विचारू नये.

‘बॅम्बी’त (१९४२) आई मारली जाते, तेथे प्रश्न नकोत. कर्जापायी घरातले माणूस गमावलेले मूल समोर असेल, तर तो भाग वगळावा.