एक्स-रेच्या आधी पाय: निवासी डॉक्टरांना अस्थिभंगाचे उपचार शिकवताना

अस्थिव्यंगोपचारातील एम. एस. अभ्यासक्रमाच्या 3 वर्षांपैकी पहिले 3 महिने मी सर्वांत मोलाचे मानतो, कारण कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाला कसा हात लावायचा, ही सवय त्याच काळात पडते. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरचे लक्ष साहजिकच एक्स-रेकडे जाते. मोडलेले हाड फिल्मवर स्वच्छ दिसते आणि त्याचे वर्गीकरण पाठ करता येते. पाय वाचणार की जाणार, हे मात्र बहुतेक वेळा भोवतीचे स्नायू, रक्तवाहिन्या आणि त्वचा ठरवतात. म्हणून सकाळच्या बैठकीत फिल्म लावण्यापूर्वी, रात्रीची इमर्जन्सी सांभाळलेल्या निवासी डॉक्टरने त्या हातापायाची अवस्था तोंडी सांगावी, असा नियम ठेवावा. ती सांगता आली नाही, तर त्याने वॉर्डात जाऊन रुग्णाला पुन्हा तपासून यावे आणि तोवर फिल्म लावू नये.

ही तपासणी खाटेपाशी, एका वेळी एकालाच शिकवावी. नडगीचे हाड मोडलेल्या रुग्णात पावलाच्या वरची आणि आतल्या घोट्यामागची, अशा दोन्ही ठिकाणची नाडी बोटांनी शोधायला लावावी. नख दाबून सोडल्यावर रंग 2 सेकंदांत परततो का, अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात आणि तळपायाला स्पर्श कळतो का, अंगठा वर-खाली होतो का, हे क्रमाने पाहायला सांगावे. कोपराच्या वर हाड मोडलेले 5 वर्षांचे मूल प्रश्नांना उत्तरे देत नाही, तेव्हा त्याच्याशी खेळ मांडावा. अंगठा ताठ वर झाला की रेडियल मज्जातंतू, मधले बोट तर्जनीवर चढले की अल्नर आणि अंगठा-तर्जनीचा नीट गोल झाला की मीडियनची पुढची शाखा काम करते आहे, असे समजते. ही नोंद वेळ घालून लिहावी आणि हाड बसवल्यानंतर पुन्हा करावी. आधीची नोंद नसेल, तर नंतर आढळलेला लुळेपणा अपघाताचा की आपल्या हातून झालेला, हे कोणालाही सांगता येत नाही.

सर्वाधिक वेळ कंपार्टमेंट सिंड्रोमला, म्हणजे सुजेमुळे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटण्याला द्यावा, कारण येथे काही तासांची चूक आयुष्यभर भोगावी लागते. नाडी लागते म्हणजे सर्व ठीक आहे, हा नवख्यांचा समज पहिल्याच आठवड्यात मोडून काढावा. नाडी हरवते तोवर स्नायू बहुधा गेलेले असतात. दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना आणि बोटे आपण हलवली असता पोटरीत उठणारी कळ, ही आधीची लक्षणे आहेत. लहान मुलांत अस्वस्थता, न थांबणारी चिडचिड आणि वेदनाशामकाची वाढती गरज यांवर नजर ठेवावी. रुग्ण बेशुद्ध असेल, तर दाब मोजावा लागतो आणि डायास्टोलिक (खालचा) रक्तदाब व स्नायूंच्या कप्प्यातील दाब यांत पाऱ्याच्या 30 मिलिमीटरपेक्षा कमी अंतर उरले, तर ती धोक्याची खूण मानावी. शंका येताच प्लास्टर आतल्या कापसासह त्वचेपर्यंत कापावे, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि वरिष्ठांना फोन करावा. मी शिकत होतो तेथे, आदल्या आठवड्यात रात्रीच्या फोनवरून बोलणी खाल्लेल्या एका सहकाऱ्याने पुढचा फोन पहाटेपर्यंत लांबवला होता, आणि त्या रुग्णाचे पाऊल पुढे कधीच नीट उचलले गेले नाही. तेव्हापासून माझे असे ठाम मत आहे की, अनावश्यक ठरलेल्या फोनबद्दल युनिटमध्ये कोणीही कोणाला रागावू नये.

प्लास्टर हे शस्त्रक्रियेइतकेच कौशल्याचे काम आहे, तरी ते पाहून येईल म्हणून सोडून दिले जाते. निवासी डॉक्टरांनी आधी एकमेकांच्या हातावर स्लॅब, म्हणजे एकाच बाजूने आधार देणारी प्लास्टरची पट्टी, घालावी: हाताला साधारण 8 ते 10 पदर, पायाला 12 ते 15, पाणी कोमट. पाणी गरम घेतले किंवा पदर वाढवले की प्लास्टर घट्ट होताना किती तापते, हे रुग्णाला भाजण्याच्या आत आपल्याला कळलेले बरे. कापण्याची करवतही वर-खाली टेकवत चालवायची असते, ओढत न्यायची नसते.

कंपाउंड फ्रॅक्चरमध्ये, म्हणजे हाडाचा जखमेवाटे बाहेरच्या हवेशी संबंध आला असता, पहिल्या तासात प्रतिजैविक आणि धनुर्वाताची लस देणे हे निवासी डॉक्टरचे काम आहे. जखमेचा फोटो एकदाच काढावा, सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने ती झाकावी आणि येईल त्याने उघडून पाहू नये. अशा जखमांच्या श्रेणी ठरवणारे गस्टिलो-अँडरसन वर्गीकरण 1976 पासून रूढ आहे, पण कॅज्युअल्टीत लिहिलेली श्रेणी तात्पुरती समजावी. खरी श्रेणी ऑपरेशन थिएटरमध्ये मृत भाग काढल्यावर ठरते. तेथे स्नायूचा रंग, घट्टपणा, चिमट्याने आकुंचन पावणे आणि रक्त येणे या चार गोष्टी निवासी डॉक्टरला स्वतः बघू द्याव्यात. पाय ठेवावा की काढावा, असा प्रश्न असेल, तेव्हा कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलचा स्कोअर उपयोगी पडतो: 14 पर्यंत पाय वाचवण्याचा प्रयत्न, 17 व पुढे विच्छेदनाचा विचार. 15 व 16 गुणांच्या रुग्णांविषयी वरिष्ठांनी मोठ्याने विचार करावा, म्हणजे निर्णय कसा घडतो ते ऐकणाऱ्याला कळते.

ड्रिलचा सराव मात्र रुग्णावर सुरू करू नये. खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे हाड पुरेसे आहे. त्याखाली थर्मोकोल ठेवला की दुसरी बाजू पार केल्यावर ड्रिल किती खोल घुसले, ते लगेच दिसते. सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रियेदरम्यान वापरायचे फिरते एक्स-रे यंत्र, वापरताना त्याची एक्स-रे ट्यूब खाली ठेवावी आणि लेड एप्रनबरोबर थायरॉइडचे आवरणही घालायला लावावे.

जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी 3 महिने जिल्हा रुग्णालयात जाण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक काम आमच्यासमोर करून घ्यावे. प्लास्टर घातलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना धोक्याच्या खुणा त्याने साध्या मराठीत सांगाव्यात: बोटे काळीनिळी पडली, बधिर झाली, गोळी घेऊनही दुखणे वाढले किंवा बोटे हलवताना कळ आली, तर सकाळची वाट न पाहता परत यायचे. नंतर त्यांनाच विचारावे, ‘मावशी, कधी परत यायचं ते सांगा बरं.’ मावशींना ते सांगता आले नाही, तर डॉक्टरने पुन्हा समजावून सांगावे.