फोटोमागचं शके आणि एक्झिफटूल : नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्यातल्या एका संग्रहात जुन्या फोटोंच्या डिजिटायझेशनच्या कामाला लागले, तेव्हा मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेली फोटोबद्दलची माहिती, हा शब्द मला परीक्षेपुरता ठाऊक होता. काम असं होतं : स्कॅन झालेल्या फायलींमधून तारीख, ठिकाण, विषय ही माहिती बाहेर काढायची, तपासायची आणि फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेला मजकूर फाइलच्या आत भरायचा. हत्यार एकच, ही माहिती वाचणारा आणि लिहिणारा एक्झिफटूल हा प्रोग्राम. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी ते २००३ पासून पर्ल भाषेत लिहिलंय आणि ते मोफत आहे. खिडक्या-बटणं काही नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या. याला घाबरू नका. दोन आठवड्यांत हात बसतो. वेळ लागतो तो कुठल्या रकान्यात काय जायला हवं हे कळायला.

सुरुवात फक्त वाचण्यापासून करा. दहा फायलींची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि प्रत्येक माहिती कुठल्या गटातून येते ते दाखवणारा ‘जी-वन’ हा पर्याय वापरून सगळं छापून बघा. सोबत ‘ए’ हा पर्यायही द्या, नाहीतर एकाच नावाचे दोन टॅग, म्हणजे माहितीचे रकाने, असले तर एकच दिसतो. मग लक्षात येतं की एकाच फोटोत माहितीची तीन वेगळी घरं आहेत : एक्झिफ (कॅमेरा किंवा स्कॅनरने भरलेली तांत्रिक माहिती), आयपीटीसी (बातम्यांच्या फोटोंसाठीची जुनी पद्धत) आणि एक्सएमपी (त्यानंतरची, मोकळी पद्धत). विषय, वर्णन, तारीख यांपैकी बरंचसं एकापेक्षा जास्त घरांत राहू शकतं, आणि ते एकमेकांशी जुळेलच असं नाही.

माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या मोर्च्यांचे फोटो होते. मी विषयशब्द म्हणून ‘संयुक्त महाराष्ट्र चळवळ’ असं आयपीटीसीमध्ये एका झटक्यात शेकडो फायलींना भरलं. पडद्यावर पिवळे-पांढरे इशारे धावत होते, ते किरकोळ म्हणून मी वाचलेच नाहीत. पुढे कुणीतरी ‘चळवळ’ शोधलं तर एकही फोटो येईना. कारण साधं होतं. आयपीटीसीच्या एका विषयशब्दाला ६४ बाइटची मर्यादा आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. आता मोजा : ‘संयुक्त’मध्ये ७ चिन्हं, ‘महाराष्ट्र’मध्ये १०, ‘चळवळ’मध्ये ४. एकवीस त्रिक त्रेसष्ट, वर दोन मोकळ्या जागा, एकूण ६५. एका बाइटापायी शेवटचा ‘ळ’ तुटला आणि त्याबरोबर आख्खा लढा शोधातून नाहीसा झाला. इंग्रजीत काम करणाऱ्याला ही मर्यादा क्वचितच आडवी येते. आपल्याला ती रोज येणार.

म्हणून माझा ठाम सल्ला : मराठी मजकूर एक्सएमपीमध्ये भरा. तिथे ही लांबीची अडचण नाही आणि अक्षरं युनिकोडमध्येच राहतात. आयपीटीसीत लिहिणं भागच असेल तर त्यातला अक्षरसंचाचा टॅग आधी यूटीएफ-८ करा. तो नसेल तर एक्झिफटूल मजकूर लॅटिन अक्षरसंचात बदलू बघतं आणि मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. विंडोजवर फायलींची नावंच देवनागरीत असतील तर फाइलनावाचा अक्षरसंचही आज्ञेत वेगळा सांगावा लागतो. आणि इशारे वाचा. ‘किरकोळ’ असं लिहिलेलेही.

तारखेचं प्रकरण जास्त नाजूक आहे. स्कॅन केलेल्या फोटोला स्कॅनर स्वतःची तारीख चिकटवतो, ती डिजिटायझेशनची. फोटो काढल्याची तारीख वेगळ्या टॅगमध्ये जायला हवी. पण एक्झिफला वर्ष, महिना, दिवस, वेळ सगळं पूर्ण लागतं, आणि फोटोच्या मागे असतं ‘शके १८७९, चैत्र’. काहीजण अशा वेळी १ जानेवारी टाकून मोकळे होतात. असं करू नका, ती खोटी तारीख पुढे कायमची खरी समजली जाते. एक्सएमपीत नुसतं १९५७ लिहिता येतं, तेवढंच लिहा. शकाचं इसवी सन करताना चैत्र ते कार्तिक ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनात ७९. मार्गशीर्ष आणि पौषात मात्र तिथी बघून पंचांग उघडावंच लागतं, कारण नवं इंग्रजी वर्ष त्याच सुमारास लागतं.

मूळ शके आणि तिथी जशीच्या तशी जपायला मला स्वतःचे टॅग हवे होते. कॉन्फिग फाइल, म्हणजे एक्झिफटूलच्या सेटिंग्जची साधी मजकूर फाइल, लागते ती यासाठी. तिच्यात आपल्या नावाचा एक्सएमपी गट आणि त्यातले टॅग जाहीर करता येतात, शिवाय नेहमीचे पर्यायही कायमचे ठरवता येतात. फाइलचं नाव डॉट, मग एक्झिफटूल, अंडरस्कोर, कॉन्फिग असं आहे, आणि विंडोजचं नोटपॅड त्याच्या शेपटीला गुपचूप ‘टीएक्सटी’ जोडतं. विंडोज ते एक्स्टेंशन लपवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं आणि टॅग मात्र चालत नाहीत. माझी एक दुपार यात गेली. एक्स्टेंशन दाखवण्याची सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करून टाका.

लिहिताना एक्झिफटूल मूळ फाइल ‘ओरिजिनल’ अशी शेपटी लावून बाजूला ठेवतं. जागा खातात म्हणून या प्रती बंद करण्याचा पर्याय आहे. पहिले सहा महिने तो वापरू नका.

कॉन्फिग फाइल मी माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवली होती. मग कामावर एक नवी मुलगी आली, तिने तिच्या लॅपटॉपवरून शके भरायला घेतलं, तर असा टॅगच नाही असा इशारा आला. तिला वाटलं आपलंच काही चुकलं, आणि ती संध्याकाळपर्यंत विचारायलाही आली नाही. तेव्हापासून ती फाइल फोटोंच्याच फोल्डरमध्ये असते आणि आज्ञेत ‘कॉन्फिग’ हा पर्याय, त्या फाइलच्या पत्त्यासह, सगळ्यात आधी लिहिलेला असतो. पुढे कुठेही लिहिला तर चालत नाही.