खांदे, पाठ, कान: पुरुषांनी इलेक्ट्रोलिसिस कसं करून घ्यावं

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे सुईतून वीज सोडून केस कायमचे काढणं. त्यात एका वेळी एकाच केसाच्या मुळाशी सुई जाते. त्यामुळे पुरुषाने सगळ्यात आधी जागा ठरवावी आणि ती छोटी ठेवावी. समजा दोन्ही खांद्यांवर मिळून तीन हजार केस आहेत आणि काम करणाऱ्याचा वेग मिनिटाला पाच केसांचा आहे. म्हणजे एकदा सगळी जागा साफ करायला सहाशे मिनिटं, दहा तास लागतात. तेही फक्त त्या दिवशी त्वचेबाहेर दिसणाऱ्या केसांसाठी. हा हिशेब न करता अख्खी पाठ करायला निघालेले बरेच जण चार-पाच सिटिंगनंतर कंटाळतात, आणि पैसे व वेदना दोन्ही वाया जातात.

भुवयांमधली जागा, कानाच्या पाळीवरचे आणि कडेचे राठ केस, दाढीच्या वरच्या कडेला गालावर चढलेले केस, कॉलरखाली मानेवर उगवणारी पट्टी, खांद्यांवरचे विरळ केस ही इलेक्ट्रोलिसिसची खरी कामं. अख्खी पाठ किंवा छाती दाट काळ्या केसांनी भरलेली असेल तर आधी लेझरने दाटी कमी करावी आणि उरलेल्या केसांसाठी सुईकडे यावं. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो. पांढऱ्या केसांवर तो चालत नाही, सुईला रंगाशी देणंघेणं नसतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासनही लेझरबद्दल 'केस कायमचे कमी होणं' एवढंच म्हणू देतं, 'कायमचे काढणं' ही मान्यता इलेक्ट्रोलिसिसपुरती आहे. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गाल, मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथे लेझरनंतर बारीक लव उलट राठ होऊन वाढल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. खांद्यांवर मोजकेच केस असतील तर लेझरचा धोका पत्करायचं कारण नाही.

'कायमचं' याचा अर्थ

ज्या केसाचं मूळ नीट जळलं तो केस पुन्हा येत नाही. पण पुरुषाच्या अंगावर पुरुषी संप्रेरकांमुळे लवेचे राठ केस होत राहतात, आणि खांदे, पाठ, कान इथे हे चाळिशीनंतरही चालू असतं. बावीस वर्षांच्या मुलाने पाठ साफ करून घेतली तरी तिशीत तिथे नवे केस दिसतील. ते जुन्यांचं पुनरागमन नव्हे, त्या वेळी तिथे फक्त लव होती. म्हणून पाठीसाठी घाई करू नये, भुवयांमधली जागा मात्र विशीत केली तरी चालते.

डोक्यावरचे केस वाढावेत म्हणून मिनॉक्सिडिलच्या गोळ्या घेत असाल तर अंगावरचेही केस वाढतात. जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेत असाल तर तेच. हे चालू असताना सुईचं काम म्हणजे एकीकडे केस काढायचे आणि दुसरीकडे उगवायचे. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोला.

तीन पद्धती

१८७५ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ही युक्ती वापरली. तिला गॅल्व्हॅनिक म्हणतात. सुईतून अगदी थोडा एकदिश विद्युतप्रवाह जातो आणि मुळाशी असलेल्या खारट ओलाव्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो. मूळ नष्ट करतो तो हा सोडा. पद्धत सावकाश आहे, एका केसाला दहा-वीस सेकंदांपासून दोन-तीन मिनिटंही लागतात. पण सोडा द्रवरूप असल्यामुळे वाकड्यातिकड्या मुळापर्यंत पोचतो. वर्षानुवर्षं वॅक्सिंग केलेल्या छातीपाठीवर मुळं बहुधा अशीच वाकलेली असतात.

थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाने सुईभोवतालच्या पेशी तापतात. काम सेकंदाच्या आत किंवा दोन-चार सेकंदांत होतं, पण उष्णता सुईच्या लगतच राहते. मूळ सरळ असेल तर उत्तम, वाकडं असेल तर टोक चुकतं आणि केस परत येतो.

तिसरी ब्लेंड. अमेरिकेत १९४० च्या दशकात हेन्री सेंट पिएर आणि आर्थर हिंकल यांनी दोन्ही प्रवाह एकाच सुईतून सोडले. तापलेला सोडा जास्त वेगाने काम करतो, म्हणून वेळ वाचतो. पुरुषाच्या पाठीच्या, खांद्याच्या आणि दाढीच्या राठ केसांसाठी आमची पसंती ब्लेंडलाच. भुवयांमधल्या सरळ, बारीक केसांना थर्मोलिसिस पुरतं.

गॅल्व्हॅनिकचा हिशेब समजून घेतला तर समोरचा माणूस जाणकार आहे की नाही ते कळतं. एक दशांश मिलिअँपिअर प्रवाह एक सेकंद दिला की सोड्याचं एक एकक तयार होतं. लवेला साधारण १५ एककं पुरतात, मध्यम केसाला ४५, खोल राठ केसाला ६०, दाढीच्या केसाला ८० च्या आसपास. म्हणजे ६० एककांसाठी ०.३ मिलिअँपिअरवर २० सेकंद किंवा ०.६ वर १० सेकंद. प्रवाह वाढवला की वेळ कमी होतो, पण वेदना वाढते. सहन होत नसेल तर प्रवाह कमी आणि वेळ जास्त करून मागा, एककांत कपात करून घेऊ नका. कपात केली की केस निघतो, मूळ मात्र जिवंत राहतं.

तुमच्या हातात धातूची दांडी धरायला दिली तर गॅल्व्हॅनिक किंवा ब्लेंड चालू आहे, काहीच दिलं नाही तर थर्मोलिसिस. दांडी ओल्या कापसात किंवा स्पंजमध्ये गुंडाळलेली असावी, अंगठ्या काढून ठेवाव्यात. दांडी धन आणि सुई ऋण, हे उलटं झालं तर सुईचा धातू विरघळून त्वचेत उतरतो आणि गोंदल्यासारखा काळा ठिपका राहतो.

कुणी थांबावं

पेसमेकर किंवा हृदयात बसवलेलं दुसरं विद्युत उपकरण असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय बसूच नये. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून पुढे जावं. तिळावर उगवलेल्या केसाला डॉक्टरांनी तीळ पाहिल्याशिवाय हात लावू देऊ नका. नाकाच्या आत आणि कानाच्या नळीत सुई नको, तिथे कात्री किंवा ट्रिमर बरा.

आणि किलॉइड. कान टोचल्यावर, लस घेतल्यावर किंवा साध्या पुळीनंतर कधी टणक, वर आलेला व्रण झाला असेल तर छाती आणि खांदे यांच्या वाटेला जाऊ नका. शरीरात किलॉइड, म्हणजे असा वाढत जाणारा व्रण, होण्याच्या मुख्य जागांपैकी त्या आहेत आणि एकदा झालेला व्रण घालवणं केस घालवण्यापेक्षा अवघड.

तयारी

सिटिंगच्या आधी किमान सहा आठवडे वॅक्सिंग, थ्रेडिंग, एपिलेटर, चिमटा बंद. उपटलेल्या छिद्रात सुई घालायला केसाचा मागोवाच राहत नाही. दाढी केल्यासारखं रेझर फिरवणं चालतं, उलट उपयोगीच पडतं. दोन-तीन दिवस आधी रेझर फिरवला की जे केस वाढीच्या अवस्थेत आहेत तेवढेच वर येतात. सुप्त केस वाढत नाहीत, म्हणून दिसत नाहीत. वाढत्या केसाचं मूळ पोसलेलं असतं आणि मार तिथेच नीट बसतो. केस चिमट्यात धरता येईल इतका, दोन-तीन मिलिमीटर, लांब हवा.

आठवडाभर आधीपासून रोज साधं मॉइश्चरायझर लावा. कोरड्या त्वचेत सोडा नीट तयार होत नाही. त्या दिवशी तेल, पावडर, डिओ काही नको.

बधीर करणारं मलम म्हणजे लिडोकेन-प्रिलोकेनचं. तासभर आधी जाड थर लावून वर प्लास्टिक गुंडाळतात. भुवया किंवा कान यांच्यापुरतं ठीक आहे. अख्ख्या पाठीला मलम फासून प्लास्टिक गुंडाळणं जिवावर बेतू शकतं: औषध रक्तात जास्त गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते. अमेरिकेत लेझरआधी असं करून दोन तरुणींचा मृत्यू झाल्यावर २००७ मध्ये तिथल्या प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता. मोठी जागा असेल तर किती लावायचं हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

खुर्चीत बसल्यावर काय पाहायचं

सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम संपल्यावर सुयांच्या डब्यात गेली पाहिजे. 'तुमचीच सुई जपून ठेवतो' हे चालवून घेऊ नका. हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा प्रश्न आहे. चिमटा ऑटोक्लेव्ह केलेला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केलेला, हातात नवे ग्लोव्हज, डोळ्यांवर भिंगाचा चष्मा किंवा समोर भिंगाचा दिवा. भिंगाशिवाय काम करणाऱ्याकडून परत या.

सुयांना नंबर असतात. नंबर म्हणजे जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. चार नंबर म्हणजे साधारण ०.१० मिलिमीटर. सुई केसाएवढी जाड असावी. खांद्यापाठीच्या राठ केसाला चार-पाच, लवेला दोन-तीन. राठ केसाला बारीक सुई लावली तर एका बिंदूवर जास्त ताप येतो, दुखतंही जास्त. खोली ठरवायची साधी रीत अशी: त्याच जागेतला एक केस मुळासकट काढायचा, सुईला लावून पाहायचा, आणि मूळ जिथे येतं तिथपर्यंतच सुई न्यायची. पाठीवर एका भागातून दुसऱ्या भागात गेल्यावर हे पुन्हा करावं लागतं, कारण केसाचा कोन आणि खोली दोन्ही बदलतात.

बरोबर शिरलेली सुई टोचल्यासारखी वाटत नाही. ती केसाच्याच वाटेने, त्याच कोनात आत सरकते. सुईभोवती त्वचा खळी पडल्यासारखी दबली तर ती वाट चुकली आहे. प्रवाह सुरू झाल्यावर मात्र चटका किंवा डंख जाणवतो. मग चिमट्याने केस उचलला की लोण्यातून निघाल्यासारखा अलगद यावा, टोकाला पारदर्शक, ओलसर पिशवी लागलेली असावी. केस ओढल्याची जाणीव होत असेल तर मूळ सुटलेलं नाही, तो केस फक्त उपटला जातोय. दोन-तीनदा असं झालं की लगेच सांगा, सेटिंग बदलायला लावा. उलट, छिद्राभोवती त्वचा पांढरी पडू लागली तर मार जास्त होतोय. तिथेच पुढे खड्डे पडतात.

लगतचे दोन केस एकाच दिवशी करू नयेत. दोन्हीकडची उष्णता आणि सोडा एकत्र येतात आणि मधली त्वचा भाजते. एक सोडून एक घेत जायचं. छातीवर हे फार कामाचं आहे: सगळे केस काढण्याऐवजी दर तिसरा केस काढून दाटी कमी केली तर छाती नैसर्गिक दिसते, आणि पुढे काय करायचं ते ठरवायला मोकळीक राहते.

नंतरचे दहा दिवस

लाली आणि सूज काही तासांत ते दोन दिवसांत उतरते. छिद्रागणिक टाचणीच्या टोकाएवढ्या तपकिरी खपल्या धरतात, चेहऱ्यावरच्या लवकर पडतात, पाठ आणि पोटऱ्यांवर आठवडा-दोन आठवडे राहतात. खपली नखाने काढली की डाग पडतो, एवढं साधं आहे ते.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तास व्यायाम, पोहणं, वाफ, कडक पाण्याची आंघोळ नको. थंड पाण्याची पट्टी आणि साधं कोरफडीचं जेल पुरे. हळद, लिंबू, आफ्टरशेव्ह काही लावू नका. पाठ-खांद्यांचं काम झालं असेल तर सैल सुती कपडा घाला, लॅपटॉपची बॅग हातात धरा. जानवं घालत असाल तर खपल्या पडेपर्यंत ते त्या जागी घासणार नाही असं पाहा. मुंबई-कोकण-गोव्यात अंगावरचं काम दिवाळीनंतर सुरू करावं. एप्रिल-मेच्या घामात खपल्या ओल्या राहतात आणि पुळ्या येतात.

आपल्या त्वचेवर जखमेपेक्षा जास्त त्रास नंतरच्या काळ्या डागांचा. ते बहुतेक वेळा काही महिन्यांत फिकट होतात, पण ऊन लागलं की गडद होत जातात. उघड्या जागेवर ३० किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन लावा. पू, वाढती सूज, ताप दिसला तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा, पुढची सिटिंग पुढे ढकला.

वेळापत्रक

सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला तासाभराची सिटिंग घेऊन जागा एकदा साफ करायची. मग दर चार ते सहा आठवड्यांनी, शेवटी दोन-तीन महिन्यांनी. एका जागेला साधारण बारा ते अठरा महिने लागतात, कारण सुप्त केस आपापल्या वेळेने वर येतात. मधल्या काळात चिमटा लावला की हे वेळापत्रक विस्कटतं.

सिटिंगनंतर आठवड्याभरातच केस दिसला तर तो काढलेला केस नव्हे, तो आधीपासून त्वचेखाली येऊन थांबला होता. दीड-दोन महिन्यांनी त्याच जागी आला तर मूळ वाचलेलं असू शकतं. अशा वेळी तो पहिल्यापेक्षा बारीक असतो का ते पाहा. बारीक असेल तर त्याच सेटिंगवर आणखी एकदा सुई पुरते. तीन-चार महिन्यांनीही जागा तितकीच दाट आणि केस तितकेच राठ असतील, तर सुई मुळाशी पोचत नाहीये. तिथे सिटिंगचं नवं पॅकेज घेण्याआधी माणूस किंवा पद्धत बदला. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एकाच खिडकीशी, एकाच अंतरावरून, रेझर फिरवल्यानंतर तिसऱ्या दिवशी फोटो काढत जा. पाठीचा फोटो दुसऱ्याला काढायला सांगावा लागतो.