‘पाप लागेल’ऐवजी काय म्हणायचं?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं दोन लेथचं छोटं वर्कशॉप आहे. देव मी कॉलेजात असतानाच सोडला. घरात आई मात्र शुक्रवारी अंबाबाई, रविवारी जोतिबा करणारी. लेक सहावीत असताना तिनं जेवता जेवता विचारलं, “पप्पा, वर बघणारा कुणी नाही, मग कॉपी का नाही करायची?” मी म्हणालो, वाईट असतं म्हणून. “हे काय उत्तर झालं व्हय?” नव्हतंच. तुमच्या घरातही हा पेच असेल, तर मला जे जमलं आणि जे फसलं ते सांगतो.

आधी एक वाक्य बदला. आपण पोरांना सहज म्हणून जातो, “असं करू नको, पाप लागेल.” लागणार कुणाला? करणाऱ्याला! ज्याच्याशी वाईट वागलो, तो माणूस त्या वाक्यात कुठंच नाही. म्हणून आमच्या घरात आता विचारायचं ते एवढंच: “कुणाला लागेल?”

हे समोर बसवून शिकवू नका, कामात शिकवा. एकदा पंपाच्या बॉडी आल्या होत्या. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग लेथच्या चकात धरलं, वरचा थर कापला, तर आत ब्लो होल, म्हणजे ओतताना राहिलेलं भोक. वाटाण्याएवढं. त्यावरचा इलाज आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे: लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, भरायची, घासायची, वरनं रंगाचा हात मारायचा. गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि वरनं कुणी ओरडल्याचंही माझ्या ऐकण्यात नाही. लेक शाळा सुटल्यावर वर्कशॉपवर आली होती. तिला त्या भोकात बोट घालायला लावलं. हा पंप जाणार कुठं? शेतात. पाण्याचा दाब आला की काय होईल? लांबी निघेल. कधी? ऊस पाण्याला आलेला असताना, रात्रपाळीची लाईट असताना. मग कुणाला लागेल? ती म्हणाली, “अंधारात मोटर चालू करायला गेलेल्या बाबाला.” पीस रिजेक्टच्या ढिगात टाकला. मशीनिंगचे पैसे बुडाले, तेही तिच्यापासून लपवलं नाही. चांगलं वागलं की चांगलंच होतं ही थाप मारू नका. पोरं ती लगेच पकडतात, आणि मग बाकीचंही सगळं थापच वाटायला लागतं.

कॉपीचं उत्तर तिनंच शोधलं: रात्र जागून अभ्यास केलेल्या मैत्रिणीला लागेल. पण लगेच पुढं, “आणि मी नुसती पास होण्यापुरती केली तर?” तिथं मी अडलो, आणि अडलो म्हणून सांगितलं. ग्रंथाचा हवाला द्यायचा नाही असं ठरवलं की बापाच्या वयाचाही देता येत नाही.

हक्कांचं प्रकरण जरा अवघड. ते आले कुठून? माणसांनी भांडून आणले. आपल्या गावात तर हे चालत चालत दाखवता येतं. मी तिला भाऊसिंगजी रोडवर घेऊन गेलो. अस्पृश्य ठरवलेले गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना याच रोडवर हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः जाऊन तिथं चहा घेतला. राखीव जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा, मागासलेल्या वर्गांना ५० टक्के. आणि हे सांगताना महाराजांना नास्तिक करून टाकू नका. ते नव्हते. चहा पिण्यामागचं कारण आस्तिकालाही कळतं आणि मलाही, म्हणून तर ते टिकतं.

जगाच्या जाहीरनाम्याचंही तसंच. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून ‘सर्व माणसं’ असे करायला लावले संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी. आणि आमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत.

इथं लेकीनं मला कोंडीत धरलं. गावानं हात वर केले म्हणून ते बरोबर? मग गावकी मिळून एखाद्याला वाळीत टाकते, तेव्हाही हात वरच असतात की. खरं होतं. त्याविरुद्ध आपल्या राज्याला २०१६ साली कायदा करावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे दुसरा प्रश्न जोडला गेला: ज्याला लागणार आहे, त्याला विचारलं का?

मानणाऱ्यांशी कसं वागायचं, हे थोडक्यात. संविधानाचं पंचविसावं कलम विवेकाचं स्वातंत्र्य देतं, ते मला आहे तेवढंच माझ्या कामगारांना. वर्कशॉपमधला देव्हारा त्यांचा आहे, मी काढायला लावत नाही. खंडेनवमीला मशीन पुसतो, तेल घालतो, पूजा ते करतात, पेढे सगळे खातात. फॉर्मवर धर्माचा रकाना आला तर ‘नाही’ लिहा. सरकार धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत मात्र शांतपणे घाला.

आता फसलेलं. वडील गेले तेव्हा रक्षाविसर्जनाला मी नैवेद्य ठेवू दिला नाही. रक्षा नदीत सोडली नाही, शेतात आंब्याचं रोप लावून त्याच्या आळ्यात घातली. पाहुण्यांत कुजबुज झाली, पण मला वाटलं, जमलं बुवा. आई काहीच बोलली नाही. रात्री लेक म्हणाली, “पप्पा, आजीला लागलं की. तिला विचारलं होतं?”

विचारलं नव्हतं. चाळीस वर्षांची सोबत तिची, आणि ठरवून टाकलं मी एकट्यानं.

वर्षश्राद्धाला मात्र विचारलं. तिला ताट ठेवायचं होतं. मग गच्चीवर ताट घेऊन मीच गेलो. कावळ्याला हाक मारायला मला काही जमलं नाही, ती आईनंच मारली. पाऊण तास कुणी येईना. लेक पाण्याच्या टाकीवर बसून मोबाईल बघत होती. शेवटी एक आला, भात सोडला, खीर सोडली आणि भजं उचलून गेला. आई हसायला लागली.

“त्यास्नीबी आदी भजीच लागायची.”