कुंडीतला लिली-निशिगंधाचा कंद सडतोय? या चुका टाळा

लिलीची पानं पिवळी पडली की सोलापुरात बहुतेकजण आधी पाणी वाढवतात, मग दुकानात जाऊन "काहीतरी पावडर द्या" म्हणतात, पण कंद कोणी उकरून बघतच नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. कंदाचा आजार पानावर दिसेपर्यंत खाली बरंच काही होऊन गेलेलं असतं.

म्हणून आधी माती बाजूला करा आणि कंद बोटानं दाबा. कडक लागला, वास नाही, फक्त बाहेरची जुनी पानं पिवळी, तर तो आजार नाहीये, थंडीत लिली विश्रांती घेते तेव्हा असं होतंच, पाणी कमी करा आणि सोडून द्या. मऊ लागला, तपकिरी झाला, घाण वास आला तर कुज आहे.

कुज का लागते? आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, मग ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी सगळ्या कुंड्या तुडुंब भरल्या जातात, वर कुंडीत शेतातली नुसती काळी माती असते जी पाणी धरून ठेवते, आणि खालचं भोक बुजलेलं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात तर कंद चिखलातच बसतो. माती, जाड वाळू किंवा बारीक मुरूम, आणि चांगलं कुजलेलं खत असं समान घ्या. मोठ्या लाल लिलीच्या कंदाचा वरचा तिसरा भाग मातीबाहेरच ठेवा, हे फार महत्त्वाचं आहे.

कंद वाचवायचा असेल तर धुवून घ्या, सडलेला भाग स्वच्छ ब्लेडनं पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापा. मुळं फुटतात तो तळच सडला असेल तर कंद गेला, त्यावर औषध वाया घालवू नका. वाचलेला कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात, लिटरला १ ग्रॅम, अर्धा तास बुडवा, हातमोजे घालूनच, मग सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या. ओला कंद लगेच लावू नका, काप सुकलेला नसेल तर कुज परत तिथूनच सुरू होते. आणि त्याच दिवशी ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) टाकायची घाई करू नका, तीसुद्धा बुरशीच आहे, कार्बेन्डाझिम तिलाही मारतं, दोनेक आठवडे जाऊ द्या.

निशिगंधात बुंध्याशी पांढरे कापसासारखे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे ती माती दुसऱ्या कुंडीत ओतू नका, कंपोस्टमध्ये तर अजिबातच नाही. फेकवत नसेल तर एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर पातळ थरात पसरा, चार ते सहा आठवडे, आपलं चाळीसच्या वरचं ऊन या कामाला एकदम भारी.

लिलीच्या पानावर लाल डाग दिसले की लोक घाबरतात, पण तिला साधा ओरखडा गेला तरी लाल होतं. डाग वाढत गेले, खोलगट झाले, फुलाचा दांडा वाकला तर मात्र लाल करपा समजा. स्नोड्रॉप आणि नार्सिसस या थंड प्रदेशातल्या कंदफुलांनासुद्धा लागणारी हीच बुरशी. डागाळलेलं पान कापा, संध्याकाळी पानांवर पाणी मारणं बंद करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक लेबलवरच्या प्रमाणात फवारा.

पावसाळ्यात पानं कुरतडणाऱ्या काळ्या, पांढऱ्या-लाल ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर हातानंच वेचा, नाहीतर त्या पोखरत खाली जातात आणि त्या वाटेनं पाणी आत जाऊन कंद सडतो.

पानावर पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची नक्षी आली आणि नवीन पानातही तीच दिसली तर तो व्हायरस असण्याची शक्यता जास्त, त्यावर कुठलंच औषध नाही. जीव कितीही गुंतलेला असला तरी कंद उपटून कचऱ्यात द्या आणि ज्या ब्लेडनं कापलं ते उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय दुसऱ्या कंदाला लावू नका.